जुनी गाडी तापतेय? पार्ट बदलायच्या आधी "कधी तापते" ते बघा

आमच्या जळगावकडे एप्रिल लागला की रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या दिसायला लागतात. बाजूला बाभळीच्या विरळ सावलीत फॅमिली बसलेली आणि मालक रेडिएटरच्या झाकणाकडे एकटक बघत उभा. मी पण असा उभा राहिलेलो आहे, चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात, मे महिन्यात, लग्नाचे कपडे घालून. त्या एका उन्हाळ्यात मी थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवणारा व्हॉल्व) काढून टाकला, वॉटर पंप नवीन टाकला, रेडिएटर रॉडिंग करून (नळ्या आतून साफ करून) आणला आणि गाडी तरी तापायचीच. शेवटी काय निघालं ते पुढे सांगतो, पण तेव्हा कोणी मला एकच प्रश्न विचारला असता तर निम्मा खर्च वाचला असता: भाऊ, तापते ती कधी? उभी असताना, पळताना, का चढावर? मेकॅनिकने विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही.

म्हणून हे ज्यांनी नुकतीच जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे त्यांच्यासाठी. १५-२० वर्षं जुनी, दोन-तीन हात फिरलेली. डिझेलला पण बरंचसं असंच लागू होतं.

एक हिशोब आधी डोक्यात बसवा, मग बाकीचं सोपं जाईल. रेडिएटरमधलं पाणी समजा ९० अंशावर आहे. जानेवारीत दुपारी बाहेर २५, म्हणजे फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात बाहेर ४५, फरक राहिला ४५. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या फरकाच्या जोरावर, म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी. त्यामुळे थोडासा चोक झालेला रेडिएटर थंडीत काहीच कळू देत नाही आणि उन्हाळा आला की उघडा पडतो. लोक म्हणतात उन्हाळ्यात गाडी बिघडली. ती दिवाळीतच बिघडलेली असते हो, फक्त बोलत नव्हती.

रस्त्यात टेंपरेचरचा काटा वर गेला तर

एसी बंद. हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल. हो, माहितीये, बाहेर लू चालू आहे आणि मी हीटर लावायला सांगतोय, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी गरमी तो आत ओढून घेतो. काचा खाली करा आणि सावली बघून गाडी बाजूला घ्या. काटा नुसता वर आहे पण वाफ नाही, खाली पाणी गळत नाही, पंखा फिरतोय, तर एक-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवून बघा, काटा खाली यायला लागला तर ठीक. काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ दिसली किंवा गरम गोडसर वास आला तर लगेच इंजिन बंद. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" हे करू नका, त्या दोन किलोमीटरमध्येच हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. हे सगळे सांगतात, पण का ते सांगत नाहीत. झाकणातली स्प्रिंग सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवते, बऱ्याच छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ (बार, प्रेशरचा आकडा) लिहिलेलं असतं. त्या प्रेशरमध्ये साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत पाणी ११० अंशाला शांत बसलेलं आहे, तुम्ही झाकण फिरवलं की प्रेशर गेलं आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. पाऊण तास तरी थांबा. रेडिएटरचा वरचा पाईप हाताने सहज दाबता आला पाहिजे, मग जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा.

अजून एक. आपल्याकडची माणसं मदतीला लगेच धावतात. मी घाटात उभा होतो तर एक बाबा कॅन घेऊन आले, "काय व्हयनं भाऊ, गाडी तपनी का?" आणि थेट इंजिनवर पाणी ओतायला निघाले. मी हात जोडून थांबवलं. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकू शकतं, तडकू शकतं. आत पाणी भरायचं तेसुद्धा गार झाल्यावर, हळूहळू.

आता घरी, गार गाडीवर, सकाळी.

आधी बघा, काटा खरं बोलतोय का

जुन्या गाडीत हा प्रश्न खरंच पडतो. काटा लालला टेकलाय पण वाफ नाही, वास नाही, वरचा पाईप साधाच गरम, असं असेल तर मीटर किंवा सेन्सर खोटं बोलत असेल. इंजिनवरच्या सेन्सरला साधी एक वायर असलेल्या गाड्यांमध्ये इग्निशन चालू ठेवून ती वायर काढा. काटा पूर्ण खाली गेला पाहिजे. मग तीच वायर क्षणभर इंजिनच्या पत्र्याला टेकवा, काटा पूर्ण वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायरिंग चांगलं, शंका सेन्सरवर. वायर काढूनही काटा वरच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टच होतेय, नाहीतर मीटरच खराब आहे. आणि पेट्रोलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदमच जास्त दाखवायला लागले तर इंजिनला हात लावू नका, मीटरच्या मागचा व्होल्टेज सांभाळणारा छोटा डबा किंवा मीटरची अर्थिंग बघा.

लेझरवाली टेंपरेचर गन मिळते, हजार-दीड हजारात, जुनी गाडी ठेवायची असेल तर घेऊनच टाका. थर्मोस्टॅटच्या डब्याजवळ, वरच्या पाईपवर, खालच्या पाईपवर धरायची. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती कमी दाखवते, म्हणून काळ्या रबरावर धरा नाहीतर काळी टेप चिकटवून तिच्यावर. गाडी नीट गरम झाल्यावर डब्याजवळ ८५ ते १०० च्या मध्ये आकडा आला तर नॉर्मल.

उलटं पण होतं आणि ते जास्त घातक. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोपर्यंतच नीट सांगतो. पाणी संपलं की तो वाफेत, हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. चढावर काटा वर वर जात होता आणि अचानक खाली आला तर खुश होऊ नका, थांबा.

पाणी आहे का, आणि जातंय कुठं

रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी झाकण उघडा. पाणी गळ्यापर्यंत काठोकाठ पाहिजे. बाजूची प्लॅस्टिकची बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं समजू नका, नव्या माणसाची ही सगळ्यात कॉमन चूक. गरम झालं की जास्तीचं पाणी बाटलीत जातं, गार झालं की झाकणातल्या छोट्या व्हॉल्वमधून परत ओढलं जातं. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असं दिसलं तर झाकणाचा व्हॉल्व, झाकणाचं रबर किंवा बाटलीला जाणारी बारीक नळी चिरलेली असणार. झाकण हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त पार्ट आहे आणि सगळ्यात शेवटी बदलला जातो, काय लॉजिक आहे देव जाणे. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर बदला, पण जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या. "बसतंय ना भो" म्हणून दुसऱ्या गाडीचं लावू नका.

पाणी कमी होत असेल तर लीक शोधायचं. रात्री गाडीखाली एखाद्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा, फ्रिजचा वगैरे, आणि पुढच्या टायरची जागा पेनने मार्क करून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून वर बघायचं. माझ्या पुठ्ठ्यावर एकदा रुपयाएवढा फिकट हिरवा डाग होता, बरोबर वॉटर पंपाच्या खाली. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम दिलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. ते बुजवलं की पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये जातं आणि मग आवाज करत पंपच जाम.

आता बाकी जागा. पाईपांची टोकं, क्लिपच्या खाली पांढरे किंवा गंजकट ओघळ. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीची शिवण. इंजिन ब्लॉकच्या कडेला गोल पत्र्याच्या टोप्या असतात, आपले मेकॅनिक त्यांना डमी म्हणतात, साधं पाणी घालून वापरलेल्या गाडीत त्या आतून गंजून भोकं पडतात. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट हात घालून बघा, ओलं आणि चिकट असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर हीटरचा रेडिएटर लीक आहे. काही लीक गरम असताना प्रेशरमध्येच होतात आणि इंजिनवरच वाळतात, पुठ्ठा कोरडाच राहतो, त्याला मग गॅरेजमध्ये हाताच्या पंपाने प्रेशर देऊन बघावं लागतं, दहा मिनिटांचं काम.

हळद? हो, आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद टाकतात, आणि बारीक लीक तिने तात्पुरता थांबतो पण. जंगलात अडकलात तर टाका. पण घरी आल्यावर फ्लश करा, कारण जी हळद भोक बुजवते ती रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरसुद्धा बुजवते, तिला काही कळतं का कुठे थांबायचं ते. लीक-स्टॉपच्या पावडरींचं तेच.

आता मेन मुद्दा: कधी तापते

पाणी काठोकाठ आहे, लीक नाही, तरी तापते. एक वही घ्या नाहीतर मोबाईलमध्ये लिहा: किती वाजता, कुठे, काय स्पीड, एसी चालू का बंद, काटा किती. चार दिवसांत चित्र दिसतं.

उभी असताना तापते आणि पळायला लागली की गार होते. फाटकावर थांबलात, बाजारात अडकलात, टोलच्या लाईनीत, तेव्हाच काटा चढतो. हे हवेचं दुखणं आहे. पळताना समोरून हवा आपोआप मिळते, उभ्याने ती पंख्यालाच ओढावी लागते. मारुती ८०० सारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंखा आहे, तिथे आधी एसी लावून बघा, बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर पंखा चालू होतो (काहींना एसीचा पंखा वेगळा असतो, कोणता फिरतोय ते बघा). नाही फिरला तर मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या. तरी नाही, तर मोटर गेली. डायरेक्ट फिरली, तर फ्यूज, रिले, मग रेडिएटरजवळचा थर्मो स्विच, जो पाणी गरम झालं की पंखा चालू करतो. दोन वायरीचा स्विच असेल तर त्याचा कनेक्टर काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडा, पंखा फिरला म्हणजे स्विच खराब. हे सगळं करताना बोटं आणि शर्टाची बाही लांब ठेवा. इंजिन बंद असताना, काही गाड्यांत तर चावी काढल्यावर पण हा पंखा स्वतःहून चालू होतो.

अँबॅसिडर, पद्मिनी, जीप यांना पंखा बेल्टवर फिरतो. तिथे बेल्ट ढिला आहे का बघा, मध्यभागी अंगठ्याने दाबला तर साधारण एक-सव्वा सेंटीमीटर दबला पाहिजे. आणि पंख्याभोवतीचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा घेरा जागेवर आहे का बघा. मागच्या कोणत्या तरी रिपेअरला "मध्ये येतो" म्हणून तो काढून कोपऱ्यात टाकलेला असतो, आणि त्याच्याशिवाय पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी तीच गरम हवा गोल गोल फिरवतो.

पंखा फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. कागदाची टेस्ट करा, माझी सगळ्यात आवडती. इंजिन गरम, पंखा चालू, वर्तमानपत्राचा एक तुकडा पुढच्या जाळीसमोर धरायचा. कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीत पंखा मस्त जोरात फिरायचा आणि गाडी तरी गावातच तापायची. कागद धरला तर तो बाहेर उडाला! मोटर रिवाइंडिंग करून आणली होती आणि जोडताना वायरी उलट्या झाल्या होत्या, पंखा इंजिनची गरम हवा पुढे फेकत होता. दोन वायरी अदलाबदल केल्या, काम खतम. काकांनी त्याआधी तीन महिने दर रविवारी मला ऐकवलं होतं की कंपन्या आजकाल बेकार माल देतात.

आणि आता माझं. माझ्या गाडीत कागद ना चिकटायचा ना उडायचा, नुसता लटकायचा. एसीची जाळी पुढे असते आणि तिच्या मागे बोटभर अंतरावर रेडिएटर. पुढची जाळी मी दर महिन्याला धुवायचो, चकाचक. पण ही गाडी माझ्याआधी जिनिंगच्या आवारात उभी राहायची. एका मेकॅनिकने शेवटी दोघांच्या मधल्या फटीत टॉर्च मारला आणि गप्प झाला. एसीची जाळी चार बोल्ट काढून पुढे झुकवली तर मध्ये कापसाच्या रुईचा थर, धूळ आणि किड्यांसकट जमलेला, करडा, अख्ख्या रेडिएटरवर चादर अंथरल्यासारखा. त्याने कोपरा धरून ओढला तर एका तुकड्यात गोधडी निघावी तसा निघाला. थर्मोस्टॅट, पंप, रॉडिंग, सगळ्याचे पैसे तिथे माझ्या डोळ्यासमोरून गेले.

तर खान्देशात राहता आणि कापसाच्या सीझनमध्ये गाडी फिरवता, तर वर्षातून एकदा ती फट बघाच. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, साध्या नळीने. वॉशिंगवाल्याची जोराची गन जवळून मारली की पातळ पत्र्या आडव्या झोपतात आणि हवा तिथेही बंद.

पळताना किंवा चढावर तापते, उभी राहिली की उतरते. धुळे रोडला ८० च्या वर गेलं की, किंवा कन्नड घाट, तोरणमाळ, कोंडाईबारी असं काही लागलं की. इथे पंख्याचा संबंध कमी. इंजिन जास्त गरमी तयार करतंय आणि पाणी ती पुरेशी वाहून नेत नाही. पहिला संशयित रेडिएटर आतून चोक. गाडी गरम करून बंद करा, पंख्याचा कनेक्टर काढा आणि गनने जाळीवर इंच इंच आकडे घ्या. पाणी जिथून शिरतं तिथून दुसऱ्या टोकापर्यंत आकडा हळूहळू उतरत जायला हवा, मध्येच एखादा पट्टा एकदम गार असेल तर तिथल्या नळ्या बंद. पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग होतं, म्हणजे टाकी उघडून नळ्यांतून सळई घालून साफ करतात. अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर बदलणं बरं.

दुसरं, खालचा पाईप. गाडी गार असताना तो दाबून बघा, लुळा पडलाय का. जुना पाईप रेस केल्यावर पंपाच्या ओढीने आत चिमटतो आणि पाण्याचा रस्ता बंद होतो, आयडलला परत फुगतो, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगून तुम्ही नुसतं बघा, हात न घालता. तिसरं, पंपाची आतली पाती गंजून झिजलेली. पंप बाहेरून कोरडा, आवाज नाही, पण आत पातीच नाही, हे साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत होतं. चौथं, गाडीच ओढून चालतेय. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि गन चारही चाकांच्या रिमवर धरा, एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम म्हणजे ब्रेक धरून बसलाय. क्लच घसरत असेल, टायमिंग मागे गेलं असेल, कार्बोरेटरचं मिक्स्चर लीन असेल तरी चढावर गरमी वाढते, ते ट्यूनिंगवाल्याकडे.

चालू केल्यावर पाच मिनिटांत तापते. सकाळी गार इंजिन, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलात आणि काटा वर. रेडिएटर चोक असला तरी इतक्या लवकर तापत नाही. काटा वर असताना वरचा पाईप आणि रेडिएटर गारच लागत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा पाणी भरताना आत हवा अडकली आहे. आणि पाईप उलट पहिल्याच मिनिटात दगडासारखा कडक होत असेल, पाणी अजून गरम पण नाही आणि प्रेशर आलंय, तर वाईट बातमी आहे, ती खाली हेड गॅस्केटमध्ये.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का

"भाऊ, आपल्या खान्देशात हा व्हॉल्व ठेवायचाच नसतो, काढून फेक." हे तुम्हाला पहिल्याच गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. मी ऐकलं होतं आणि केलं होतं. पाणी गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो म्हणजे इंजिन पटकन गरम होतं, आणि ८२ किंवा ८८ अंशाला, जो आकडा त्याच्यावर कोरलेला असतो तिथे, उघडायला लागतो. एकदा पूर्ण उघडला की तो तसाही आड येत नाही. म्हणजे चांगला थर्मोस्टॅट काढून मे महिन्यात काहीच फायदा नाही. तोटा मात्र डिसेंबरमध्ये, धुळ्याला थंडी पडली की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल मारणारी) गाडी तर इंजिन गार आहे असं समजून जास्तच पेट्रोल मारत राहते. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती गरम झाल्यावर बायपासचा रस्ता बंद करते, तिथे तो काढला तर पाणी रेडिएटरला टाळून मधूनच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. माझीच अशी निघाली.

टेस्ट करायची असेल तर किचनमधलं जुनं पातेलं (घरच्यांना विचारून, आणि नंतर ते परत स्वयंपाकाला नाही), पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळायला येईपर्यंत चांगला आ वासला तर ठीक. नाहीतर नवीन, त्याच आकड्याचा.

पाणी कोणतं

आपलं बोअरचं पाणी जड. घरच्या गीझरची कॉइल काढून बघा कधी, तो पांढरा दगडासारखा थर दिसतो ना, तोच इंजिनच्या आत धरतो, फक्त तिथे दिसत नाही. त्यामुळे कूलंटच, किंवा ते नसेल तर बॅटरीत घालायचं पाणी. कूलंट घेताना बाटली नीट वाचा, काही तयार मिसळलेलं असतं, तसंच ओतायचं, काही घट्ट असतं त्यात पाणी मिसळायचं, साधारण अर्धं-अर्धं. नुसतं घट्ट कूलंट ओतलं तर जास्त चांगलं होईल असं वाटतं पण उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी, कूलंट गंज थांबवतं आणि उकळबिंदू थोडा वाढवतं. काढलेलं जुनं कूलंट गटारीत किंवा अंगणात सोडू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांपासून पण लांब.

हेड गॅस्केट गेलंय का

हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. हे सगळ्यात शेवटी तपासा, पण एकदा गाडी उकळलेली असेल तर तपासाच. ऑइलची काडी आणि ऑइल भरायचं झाकण बघा, आत दुधाच्या चहासारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. नुसत्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस, तोही थंडीत आणि छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर घाबरू नका, ती वाफ असते. सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पण पांढरा धूर आणि गोड वास. गार गाडीत झाकण उघडं ठेवून चालू केली तर पाण्यात सतत बुडबुडे, थांबतच नाहीत. खात्री करायची तर गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतात, इंजिनचा जळका गॅस पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. आधी ती टेस्ट, मग हेड खोलणं. आणि हेड खोललंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का ते स्टीलची सरळ पट्टी ठेवून तुमच्यासमोर तपासायला लावा, वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर परत सपाट करून घेणं.

काम झाल्यावर हवा काढणं

अर्धे लोक इथे फसतात, सगळं नीट केलं आणि हवा राहिली म्हणून गाडी परत तापली. गाडीचं नाक चढाला करून उभी करा, हीटर गरमवर, गार इंजिनात झाकण उघडं ठेवून पाणी हळूहळू भरा, मग चालू करा. वरचा पाईप अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. पंखा दोनदा चालू होऊन बंद झाला आणि हीटरमधून सतत गरम हवा येतेय म्हणजे झालं, झाकण लावा. काही गाड्यांना हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, तो आधी शोधा.

मग आठवडाभर रोज सकाळी, गार असताना, झाकण उघडून पातळी बघायची आणि वहीत लिहायची. पहिले एक-दोन दिवस थोडी उतरेल, उरलेली हवा निघते. तिसऱ्या दिवसापासून थांबली पाहिजे. नाही थांबली तर पुठ्ठा परत काढा.